चार हजार शहाण्णवचे मणियार सर

मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली पहिली नऊ वर्षं संभाव्यता म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. सूत्रं ठाऊक होती. एका पिशवीत पाच लाल आणि तीन काळे चेंडू आहेत, असं म्हणत मी वर्षानुवर्षं त्या पिशवीतून चेंडू काढत होतो, आणि ती पिशवी मी जन्मात कधी पाहिली नव्हती. पिशवी पाहायला मिळाली ती मणियार सरांकडे. सर जीवशास्त्राचे. गणिताच्या माणसाला गणित जीवशास्त्रवाल्याने शिकवलं, हे कबूल करायला मला अजूनही जड जातं. आम्हा गणितवाल्यांचा एक जुना समज असतो, की ही मंडळी बेडकाची चित्रं काढून पगार घेतात.

आमचं कॉलेज लोणावळ्याच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. पावसाळ्यात खडूसुद्धा ओला व्हायचा. सर कामशेतहून यायचे. उंच, किडकिडीत, शर्ट कायम बाहेर, पायात रबरी चप्पल आणि कानावर पेन्सिल. त्यांच्या घरचं कामशेतच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. वडिलांनी चालवलं, मग धाकट्या भावाने. सर सुट्टीच्या दिवशी गल्ल्याशेजारी बसायचे, पण भाऊ त्यांना गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरू द्यायचा नाही. ‘दादा मनगट बघून माप सांगतो ते एकदम बरोबर,’ तो म्हणायचा, ‘पण सांगता सांगता असा विचारात पडतो की बाई उठून जाते.’

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दहादा तरी यायचं: ‘आधी अंदाज, मग डोळे.’ कुठलीही गोष्ट मोजायची, बघायची, उघडायची असली की आधी किती असेल ते लिहायचं. खिशात एक छोटी डायरी. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर प्रत्यक्ष. पाहून झाल्यावर अंदाज सांगणं म्हणजे निकाल लागल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणणं, असं ते म्हणत.

एकदा आम्ही दोघं एका शिपायाच्या मुलीच्या लग्नाला पवनानगरला निघालो होतो. कामशेतच्या नाक्यावर शेअरिंगची जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही हे मावळात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सरांनी पाच मिनिटं नुसती माणसं येताना पाहिली आणि डायरीत लिहिलं: बावीस मिनिटं. जीप हलली चाळीस मिनिटांनी. मी म्हणालो, ‘गेला की हो अंदाज!’ सर बोलले नाहीत. धरणाचं पाणी दिसायला लागलं तरी बोलले नाहीत. मांडवात जेवायला बसलो, पहिला घास घेतला आणि एकदम म्हणाले, ‘गणितराव, आज बाजाराचा वार. बायकांजवळ बोचकी होती. म्हणजे एका माणसाला दीड जागा. हे मी धरलंच नव्हतं.’ मग त्यांना जेवण गोड लागलं. अंदाज चुकला की हा माणूस असा आत कुठेतरी जाऊन बसायचा, आणि चूक सापडेपर्यंत बाहेर यायचा नाही. तोवर त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आम्ही सगळे शिकलो होतो.

आता ती पिशवी. टी.वाय.ला त्यांचा एक धडा असायचा. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ. रिस्ट्रिक्शन एन्झाइम नावाची एक कात्री असते, ती या ओळीवरून फिरते आणि ठराविक सहा अक्षरं ठराविक क्रमाने दिसली की तिथेच कापते, एरवी नाही. तर तुकडे केवढे पडतील? एका दुपारी स्टाफरूममध्ये माझा डबा अर्धा झाला होता, तेव्हा त्यांनी मला हे विचारलं. मी तोंडातला घास गिळून म्हणालो, ‘सोपं आहे. प्रत्येक जागी चारांतलं एक अक्षर. सहा जागा बरोबर जुळायच्या तर चार गुणिले चार असं सहा वेळा. चार हजार शहाण्णवात एकदा. म्हणजे सरासरी तुकडा चार हजार शहाण्णव अक्षरांचा.’

‘शाब्बास. आणि बहुतेक तुकडे केवढे?’

‘तेवढेच. चार हजाराच्या आसपास.’

सर हसले नाहीत. म्हणाले, ‘उद्या दोन वाजता वरच्या व्हरांड्यात या.’

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी, आणि खाली पोत्यात दुकानात न खपलेल्या प्लास्टिकच्या बांगड्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या, चारी रंगांच्या सारख्या. एकेका मुलाने डोळे मिटून एक बांगडी काढायची, दोरीत ओवायची, की पुढचा. सहा रंगांचा क्रम धरला तर वर्ष पुरलं नसतं, म्हणून कात्रीला दोनच रंग दिले होते: लालच्या लगेच पुढे हिरवी आली की तिथे दोरा बांधायचा. सोळांत एकदा. सगळ्यांनी आधी अंदाज लिहिले. माझ्यासकट सगळ्यांनी लिहिलं, बहुतेक तुकडे चौदा ते अठरा बांगड्यांचे.

चारशेवर बांगड्या ओवून झाल्या आणि मुलं तुकडे मोजायला लागली. तीन. सात. दोन. पाच. अकरा. चार. निम्म्याहून जास्त तुकडे सोळाच्या खालीच, आणि त्यातले कितीतरी अगदी चिमुकले. आणि मग खिडकीपासून जिन्यापर्यंत एकच तुकडा, लालमागून हिरवी येतच नव्हती, पन्नासच्या वर बांगड्या. एका मुलीने त्याच्या बाजूने चालत जाऊन तो मोजला तेव्हा बाकीची मुलं तिच्या मागोमाग चालत होती. सरासरी काढली. सोळाला अगदी खेटून आली.

‘सरासरी ही कुणाचीच नसते,’ सर म्हणाले. ‘सरासरी सोळा म्हणून तुकडा सोळांचाच भेटेल असं नाही. आणि हा लांब बघा. चाळीस बांगड्या लालमागून हिरवी न येता गेल्या, म्हणून एक्केचाळिसावीला घाई होते का? तिला मागचं काही ठाऊक नसतं. तिच्यापुरती संधी तेवढीच, सोळांत एक.’

मी हे सूत्र नऊ वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्याचं नाव, त्याचा विस्तार, त्याची सिद्धता, सगळं तोंडपाठ. पण लांबच लांब वाट बघण्याची आणि पटकन संपण्याची ती रांग माझ्या डोळ्यांसमोर कुणी टांगली नव्हती. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्या दिवसापासून मी सरांच्या लॅबमध्ये जाऊन बसायला लागलो. ते मला गणितराव म्हणत, आणि मी त्यांना मनातल्या मनात जे म्हणत होतो ते तोंडावर कधी म्हणालो नाही.

लॅब म्हणजे काय, तर एक खोली, दोन ओटे आणि एक म्हातारा फ्रीज. कात्रीचं एन्झाइम बोटाएवढ्या नळीत यायचं आणि त्याला कडाक्याची थंडी लागायची. लोणावळ्यात पावसाळ्यात वीज गेली की दोन दोन दिवस तोंड दाखवत नाही. मग सर ती नळी बर्फात घालून बाजारातल्या एका आइस्क्रीमवाल्याकडे न्यायचे. त्याच्याकडे जनरेटर आणि मोठा डीप फ्रीझर. मलई कुल्फीच्या खाली, तळाशी, एका स्टीलच्या डब्यात आमच्या कॉलेजचं सगळं जीवतंत्रज्ञान झोपलेलं असायचं. डब्यावर सरांच्या अक्षरात: ‘औषध. खाऊ नये. मणियार.’ आइस्क्रीमवाला अभिमानाने गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘आपल्याकडे सायंटिस्टचा माल असतो.’

या लॅबमध्ये सारिका आली. टाकवे बुद्रुकची. वडील भातशेतीवाले, त्यांना सगळे आबा म्हणायचे. मुलगी शांत, हात नेटके, बोलणं कमी. तिने प्रोजेक्टला काय घेतलं, तर वडिवळ्याला तिच्या मामाच्या खाचरातलं पाणी. त्या पाण्यात जिवाणू असतात, आणि त्या जिवाणूंच्या आत शिरून त्यांना मारणारे विषाणू. माणसाला त्यांचा काही त्रास नाही. तिने त्यातला एक विषाणू वेगळा काढला, वाढवला, त्याचा डीएनए काढला. एका कात्रीने त्याचे तुकडे केले, त्यांची लांबी बेरजेला घेतली, तर सगळा मिळून चाळीस हजार अक्षरांच्या आसपास निघाला. आता दुसरी कात्री लावायची होती. सरांनी रिवाजाप्रमाणे फळ्यावर अंदाज लिहिला: चाळीस हजार भागिले चार हजार शहाण्णव. सुमारे दहा ठिकाणी कापेल, अकरा तुकडे.

या प्रोजेक्टवर तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. आबांनी घरात सांगून टाकलं होतं, फस्ट क्लास आला तर पुढं एम.एस्सी., नाहीतर गावाजवळच्या कंपनीत पॅकिंगला. आबा काही दुष्ट नव्हते. घरात दोन धाकटी होती आणि आबांचा शब्द म्हणजे शब्द. सारिकाचे बाकीचे पेपर बेताचे गेले होते. प्रोजेक्टला भरभरून गुण पडले तर वर्ग येणार, नाहीतर नाही, हे आम्हाला आणि तिलाही कळत होतं.

पंधरा दिवसांनी सरांनी मला तिचा कच्चा मसुदा दाखवला. दुसऱ्या कात्रीचे अकरा तुकडे, तक्ता करून, नीट रेघा मारून. सगळे साडेतीन ते चार हजारांच्या दरम्यान.

‘छान आलंय की,’ मी म्हणालो.

‘फार छान आलंय,’ सर म्हणाले. ‘म्हणूनच खोटं आहे.’

मी पुन्हा पाहिलं. आणि मग मला व्हरांड्यातली रांग आठवली. अकराच्या अकरा तुकडे एका मापाचे, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. एकही चिमुकला नाही, एकही लांबडा नाही. निसर्ग असा शिस्तीत कधी कापत नाही. असं कापतो तो फक्त घाबरलेला माणूस.

आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा एक जुना धर्म आहे: रीडिंग जुळवायचं. उत्तर काय यायला हवं ते मागच्या वर्षीच्या जर्नलात असतं, तेवढं आलं नाही तर आकडा थोडा सरकवायचा. मीही जुळवली आहेत, माझ्या शिक्षकांनीही जुळवली असणार. त्यात कुणाला पाप वाटत नाही. सरांनी सारिकाला बोलावलं तेव्हा मी उठून जायला निघालो, तर म्हणाले, बसा.

‘जेलचा फोटो कुठंय, सारिका?’ जेल म्हणजे जेलीची वडी; तिच्यात डीएनए सोडून वीज लावली की तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे दिसतात.

‘खराब आला, सर.’

‘तोच दाखव.’

तिने ओट्यावरचा मसुदा उलटा करून ठेवला. मग एकदम बांध फुटल्यासारखी बोलायला लागली, आणि शहरातलं मराठी गळून पडलं. ‘सर, तीनदा लावलं. एकबी तुकडा न्हाई पडला. नुसता एक जाड पट्टा, होता तसाच. तुमी फळ्यावर दहा लिवलं होतं. तुमचा अंदाज कसा चुकंल? मला वाटलं माजाच हात वाईट हाय. आन् आता येळ न्हाई राहिला, सर.’

मला वाटलं आता सर आत जाऊन बसणार. ते उठले आणि फळ्याकडे गेले. तिथे पंधरा दिवसांपूर्वीचा तो आकडा अजून होता, कुणी पुसला नव्हता. त्यांनी हाताने पुसला.

‘चूक माझी,’ ते म्हणाले. ‘मी अंदाज लिहिला, तू हुकूम वाचलास. मी तो सगळ्यांसमोर लिहायला नको होता.’

त्यांनी तिला खोटेपणाबद्दल एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. त्याऐवजी त्यांनी विचारलं, ‘कात्री जिवंत होती का मेलेली, ते तपासलंस?’ तिने नव्हतं तपासलं. एन्झाइम वाचवायला. महाग वस्तू वाया घालवायची नाही, ही घरची शिकवण.

मग त्यांनी पुन्हा सगळं लावायला लावलं, या वेळी दोन नळ्या शेजारी शेजारी. एकीत सारिकाचा विषाणू. दुसरीत एक असा विषाणू ज्याच्या डीएनएचे तुकडे सगळ्या जगातल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. दोन्हींत कात्री एकाच डब्यातली, वेळही एकच. जेल चालवायला घेतलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आम्ही तिघांनी अंधाऱ्या कपाटापाशी उभे राहून दिवा लावून पाहिलं. शेजारच्या रांगेत पायऱ्या पायऱ्यांनी लख्ख पट्टे, जसे पुस्तकात असतात तसे. सारिकाच्या रांगेत वरती एकच जाड पट्टा. अंगावर ओरखडा नाही.

सर फार वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, ‘गणितराव, चाळीस हजार अक्षरांत एकदाही ती सहा अक्षरं न येण्याची शक्यता काढा.’ मी मोबाइलवर काढली. सतरा-अठरा हजारांत एकदा.

‘पुन्हा काढा.’

पुन्हा तेवढीच आली.

‘म्हणजे हा योगायोग नाही,’ ते हळूच म्हणाले. मोठ्याने बोललो तर तो पट्टा उडून जाईल, असा त्यांचा आवाज होता. ‘जिवाणूंजवळ असल्या कात्र्या असतात, सारिका. त्या अशा विषाणूंसाठीच असतात. आत शिरला की कापायचा. हा त्या कात्रीखालून किती पिढ्या गेला असेल? जिथे जिथे कापलं जायचं ती ती जागा याने कधीतरी पुसली. दहा असायला हव्या होत्या, एकही नाही. आणि तुझ्या मामाच्या खाचरात बसलाय. बहुधा. बहुधा असंच आहे.’

मी देवळात फारसा जात नाही, पण देवळात जे व्हायला हवं म्हणतात ते मला त्या कपाटापाशी झालं. आकड्यांवरून एका न दिसणाऱ्या जीवाच्या लाखो वर्षांच्या पळापळीपर्यंत हा किडकिडीत माणूस पायातली रबरी चप्पल न काढता चालत गेला होता. सारिका रडत होती, पण आता वेगळं रडत होती.

तिने मसुदा फाडला. नवीन लिहिला: अपेक्षित तुकडे अकरा, मिळालेला एक, म्हणजे काप शून्य. कारण माहीत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. प्रोजेक्टच्या शिक्षकाने बाहेर थांबायचं असा नियम, म्हणून सर व्हरांड्यात, आणि सह्या-शिक्क्यांना कुणीतरी हवं म्हणून मी आत. परीक्षक सज्जन होते, थकलेले होते, आणि त्यांना त्या दिवशी अजून नऊ मुलं बघायची होती. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, ‘एन्झाइम कुठे ठेवलं होतं?’ सारिकाने खरं सांगितलं. कुल्फीच्या खाली. ते हसले, आणि मलाही हसू आलं, दुर्दैवाने.

‘बाळ, एन्झाइम मेलं असणार.’

‘सर, शेजारच्या रांगेत त्यानंच कापलंय.’

‘मग तुझा डीएनए अशुद्ध असणार.’

‘पहिल्या कात्रीनं तोच कापला गेलाय, सर. पान बारावर आहे.’

त्यांनी पान बारा पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि खरोखर मायेने म्हणाले, ‘हे बघ, प्रोजेक्टला निष्कर्ष लागतो. शून्य हा काही निष्कर्ष नाही. तू अपेक्षित तुकड्यांचा तक्ता जोड, तांत्रिक अडचणीमुळे फोटो नाही असं लिही. पाच मिनिटं घे, बाहेर जाऊन लिहून आण. मी चांगले गुण देतो.’

तो तक्ता तिने एकदा लिहिलेला होता, रेघा मारून. मला वाटलं, लिही गं बाई. मी गणिताचा मास्तर, सरांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं बसलेला, आणि मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, लिही आणि सूट. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण मी ते कधी कुणाला सांगितलेलं नाही.

सारिका म्हणाली, ‘तुकडे पडले नाहीत, सर. पडले असं नाही लिहिता येणार.’

निकाल लागला. तिचा पहिला वर्ग सहा गुणांनी हुकला.

सरांनी मला एवढंच विचारलं, ‘स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का?’ आम्ही टाकव्याला गेलो. भातलावणी चालू होती. आबा गुडघाभर चिखलात, शेजारी चार-पाच बायका वाकून रोपं लावत होत्या, त्यात आमच्याकडे पाठ करून सारिका. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधावरून थेट आबांपाशी गेले. मी बांधावरच राहिलो, कारण एका पायाची चप्पल चिखलाने आधीच घेतली होती.

‘मास्तर, येळ का घालावता?’ आबा म्हणाले. ‘शबुद झाला हुता. फस्ट क्लास न्हाई आला. तिला मी मारलं न्हाई, बोललो न्हाई. कंपनीत सांगून ठिवलंय.’

‘त्येच्यासाठी न्हाई आलो, आबा,’ सर म्हणाले. कॉलेजात शुद्ध बोलणारा हा माणूस चिखलात उतरला की बोलीतही उतरायचा. ‘एक इचारायला आलो. दसऱ्याच्या सुमाराला उभं भात बघून किती पोती व्हणार ते तुमी सांगता का न्हाई?’

‘सांगतो की. समदं गाव सांगतं.’

‘आन् झोडणी झाल्यावर कमी भरलं तर?’

‘तर कमी. त्याला काय करनार?’

‘लोकांला जास्ती सांगत न्हाई?’

आबांना राग आला. ‘लोकांला सांगून कणगी भरती व्हय? आन् आपुनच आपल्याला फसवलं तर पुढल्या साली बियानं किती टाकायचं, कुटल्या खाचरात काय बिघडलं, ह्ये कसं कळनार? असलं आमी न्हाई करत.’

‘तुमच्या पोरीनंबी न्हाई केलं,’ सर म्हणाले. ‘तिला सायेब म्हनला, कणगी भरली असं नुसतं लिव, फस्ट क्लास देतो. ही म्हनली, न्हाई भरली. आबा, ह्या मास्तरांनी डोळ्यांनी बघितलंय.’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एका चपलेवर उभा राहून मान हलवली.

‘मला तर म्हनली पेपर अवगड गेला,’ आबा म्हणाले.

रोपं लावणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. सारिकाने मात्र मान वर केली नाही, ती लावतच होती, आणि तिची ओळ वाकडी जात होती. आबांनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘किती वरसं हाय त्ये पुढलं?’

‘दोन.’

‘शबुद म्या दिला हुता,’ आबा म्हणाले. ‘पन तवा ह्ये मला ठावं नव्हतं.’ मग ते लेकीकडे न बघता ओरडले, ‘ए सारे, वळ नीट धर. उद्यापासनं तू न्हाईस तर ह्या बायांला सरळ वळ कोन दावनार?’

परत येताना सर स्कूटरवर मागे बसले होते. कान्ह्याच्या रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा आरशात पाहिलं, तर डोळे पुसत होते. मी चिखल उडाला असेल असं समजून गाडी पुढे घेतली.

सारिका एम.एस्सी. झाली, मग पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागली. सर निवृत्त झाले. त्यानंतरही कुणी भेटलं की ते वडिवळ्याच्या विषाणूची गोष्ट सांगायचे: दहा जागा हव्या होत्या, एकही नाही, सगळ्या पुसल्या पठ्ठ्याने. त्या गोष्टीवर त्यांचा फार जीव होता. मी ती पन्नासदा तरी ऐकली असेन. ‘बहुधा’ हा शब्द हळूहळू त्यातून गळाला होता, आणि ते मला खटकत असूनही मी कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी सारिकाचा मला फोन आला. त्या जुन्या विषाणूचं अक्षर न् अक्षर तिने वाचून काढलं होतं. आवाज बारीक झाला होता. ‘सर, एक जागा सापडलीये. अख्ख्यात एक. पण आहे. मणियार सरांना कसं सांगू? त्यांची तब्येत बरी नसते म्हणतात. नाहीच सांगितलं तर?’

मी म्हणालो, ‘तू ठरव.’ मी दुसरं काय म्हणणार होतो, मला तर त्या परीक्षेच्या दिवशीच माझी किंमत कळली होती.

त्या रविवारी आम्ही दोघं कामशेतला गेलो, आणि सरांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. दुकानामागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, आणि त्याआधीच्या आजाराने आणखी वाळलेले. सारिकाच्या हातात कागद होते, पण ते त्यांना वाचता येणार नव्हते. ती त्यांच्या पायाशी बसली.

‘सर, तो आपला विषाणू पूर्ण वाचला. एक्केचाळीस हजार अक्षरं आहेत.’

‘आणि?’

‘एकही नाही असं आपण म्हणत होतो. तसं नाहीये, सर. एक आहे.’

सर गप्प झाले. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. मी भिंतीकडे पाहू लागलो. बाहेर दुकानात भाऊ कुणाला तरी माप विचारत होता.

‘कुठं?’ सरांनी विचारलं.

‘सत्तावीस हजाराच्या जरा पुढं.’

‘म्हणजे कात्री बसायला हवी होती. दोन तुकडे पडायला हवे होते.’

‘हो, सर.’

‘मग त्या दिवशी पडले का नाहीत?’

‘माहीत नाही. त्या अक्षरांवर त्याने काहीतरी चढवलेलं असावं, झाकण घातल्यासारखं, कात्रीला दिसू नये म्हणून. अजून सिद्ध नाही झालं. शोधतेय.’

‘पुसली नाही,’ सर म्हणाले. ‘झाकली.’ आणि चष्मा काढू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते आणि त्यात पाणी होतं, ते कशाचं होतं देव जाणे. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून, नातू झाल्यावर माणूस हाक मारतो त्या आवाजात हाक मारली, ‘अगं, ऐकलंस का? इकडे ये आधी!’

सरांच्या पत्नी सलमाभाभी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. ‘काय झालं?’

‘मी चुकलो गं,’ सर म्हणाले. त्यांनी चाचपडत सारिकाच्या डोक्यावर हात ठेवला. ‘सात वर्षं चुकीचं सांगत होतो. आणि हिने इथवर येऊन मला तोंडावर सांगितलं.’